गाणी बाहेर का जाईनात?

२००७ सालातली गोष्ट आहे. अमेरिकेतील ओरेगन राज्यात रॉब टोपोल्स्की नावाचे एक गृहस्थ राहत होते. संगणकाच्या क्षेत्रात काम केलेले आणि गाण्याचे वेडे. अमेरिकेत 'बार्बरशॉप' नावाचा गायनाचा एक जुना प्रकार आहे. चार गायक वाद्यांची साथ न घेता, चार वेगवेगळ्या सुरांत एकच गाणे मिळून गातात. टोपोल्स्की स्वतः असे गात आणि या प्रकारातली जुनी ध्वनिमुद्रणे जमवीत. आपला हा संग्रह इतर रसिकांनाही मिळावा म्हणून त्यांनी तो फाईली वाटून घेण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवला होता. पण गाणी काही घराबाहेर जाईनात! मागणारे होते, देणारा तयार होता, संगणक रात्रंदिवस चालू होता. तरी पाठवणी सुरू होई आणि तुटे.

आपल्यावर असा प्रसंग आला तर आपण 'नेट स्लो आहे' असे म्हणून मोकळे होतो. पण वैद्याकडे जाऊन नुसते 'बरे वाटत नाही' म्हणण्यासारखेच हे झाले. दुखते कुठे ते सांगायला हवे. टोपोल्स्कींना दुखणे कुठे सापडले ते शेवटी पाहू. ते समजण्यासाठी आधी फाईल घरातून बाहेर पडते कशी आणि वाटेत कुठे कुठे अडू शकते, हे पाहिले पाहिजे.

चाळीस पानांची टिपणे

समजा, सरांजवळ चाळीस पानांची टिपणे आहेत आणि वर्गात चाळीस विद्यार्थी आहेत. प्रत्येकाने सरांकडूनच सगळी पाने उतरवून घ्यायची म्हटले तर बाकीच्या एकोणचाळीस जणांना ताटकळत बसावे लागेल. त्याऐवजी सरांनी प्रत्येकाला एकेक वेगळे पान दिले आणि 'आता आपापसांत उतरवून घ्या' असे सांगितले तर? सरांच्या हातून प्रत्येक पान एकदाच जाईल आणि तरी सर्वांच्या वह्या पूर्ण होतील.

पीअर-टू-पीअर म्हणजे बरोबरीच्यांच्या जाळ्यात हेच घडते. ब्रॅम कोहेन या अमेरिकन तरुणाने २००१ साली तयार केलेली बिटटोरेंट ही पद्धत यातली सर्वांत प्रसिद्ध. तिच्यात फाईलचे तुकडे करतात. २५६ किलोबाइटचा तुकडा हे पूर्वीचे नेहमीचे माप. प्रत्येक तुकड्यावरून गणिताने २० बाइटचा एक 'ठसा' काढून ठेवलेला असतो. तुकडा हाती आला की संगणक त्याचा ठसा पुन्हा काढून ताडून पाहतो. जुळला तरच तो तुकडा खरा, आणि मगच तो पुढे दुसऱ्याला देता येतो. ज्याच्याजवळ सगळे तुकडे आहेत आणि जो आता केवळ देतो आहे, त्याला 'सीड' म्हणजे बी म्हणतात. टोपोल्स्की हे असे बी होते. (अर्थात ज्या वस्तूची प्रत वाटण्याची परवानगी आहे तीच वाटावी. डेबियन ही मुक्त संगणकप्रणाली तिचे कर्ते स्वतःच या मार्गानेही उपलब्ध करून देतात. प्रयोगासाठी ती उत्तम.)

या व्यवहारात एक गमतीचा नियम आहे. तुमचा संगणक साधारणपणे चार जणांना एका वेळी तुकडे देतो. दर १० सेकंदांनी तो हिशेब करतो, की आपल्याला सर्वांत वेगाने कोण देते आहे? त्यांनाच तो पुढे देत राहतो. शिवाय दर ३० सेकंदांनी एका अनोळख्यालाही संधी देतो, म्हणजे नवख्याची सुरुवात होते. म्हणून ज्याचे पाठवणे मंद, त्याचे येणेही मंदावते. तेव्हा 'आपल्याला काय, आपल्याकडे आले म्हणजे झाले' असे म्हणून भागत नाही.

आधी मोजा

आता तपासणीला लागू. पहिला दोष बहुधा दोषच नसतो. कंपनी वेग सांगते तो बिटमध्ये आणि सॉफ्टवेअर दाखवते तो बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १ मेगाबिटच्या मार्गावरून सेकंदाला जास्तीत जास्त १२५ किलोबाइट जाणार. पडद्यावर ११५ दिसले तर कपाळावर आठ्या घालण्याचे कारण नाही. उरलेली जागा पाकिटांवरच्या पत्त्यांना लागते.

या वेगाने ७०० मेगाबाइटची फाईल पाठवायला किती वेळ लागेल? ७०० गुणिले ८ म्हणजे ५,६०० मेगाबिट, म्हणजेच ५,६०० सेकंद, सुमारे १ तास ३३ मिनिटे. चाळीस जणांना एकट्याने वेगवेगळी पाठवायची तर ६२ तासांहून अधिक, म्हणजे अडीच दिवसांवर. सरांच्या टिपणांची युक्ती किती मोलाची आहे, ते आता ध्यानात येईल.

पण पाठवण्याचा वेग येण्याच्या वेगापेक्षा इतका कमी का ठेवतात? कारण तार एकच आणि तिच्यातून दोन्ही दिशांना संकेत जातात. दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेवरून चालणाऱ्या एडीएसएल पद्धतीत सुमारे २६ ते १३८ किलोहर्ट्झ हा वारंवारतांचा पट्टा घरातून बाहेर जाणाऱ्या संकेतांना दिला आणि १३८ ते १,१०४ किलोहर्ट्झ हा आत येणाऱ्यांना. वजाबाकी करून पाहा: बाहेर जाण्यास ११२, आत येण्यास ९६६! लोक घेतात जास्त आणि देतात कमी, असे धरून ही वाटणी केली. त्या नावातला पहिला 'ए' हा असमानतेचाच आहे. केबल टीव्हीच्या तारेवरही तोच प्रकार. अमेरिकेत तेथे ५ ते ४२ मेगाहर्ट्झ एवढाच पट्टा बाहेर जाण्यासाठी होता आणि आत येण्यासाठी त्यावरचे शेकडो मेगाहर्ट्झ. त्यातही बाहेर जाण्याचा तो अरुंद पट्टा आळीतल्या सगळ्या घरांना मिळून एकच. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे. काचतंतूच्या जोडणीत अशी अडचण फारशी नसते. तेथे पुष्कळदा दोन्ही दिशांना सारखाच वेग मिळतो.

म्हणून प्रथम बाकीचे सर्व कार्यक्रम बंद करून, संगणक राउटरला केबलने जोडून, पाठवण्याचा वेग मोजावा. सकाळी, दुपारी आणि रात्री असा तीनदा मोजून वहीत लिहावा. वाय-फायवर मोजू नये. मधल्या भिंतीचा दोष कंपनीच्या माथी बसायचा. आणखी एक साधा प्रश्न विसरू नका: तुमच्याकडे कोणी मागते आहे का? एखाद्या फाईलची दोनशे बीजे आणि घेणारे दोघेच असतील, तर तुमच्या वाट्याला काम येणारच नाही. भरलेल्या दुकानात गिऱ्हाईक नसले तर तो काही मापाड्याचा दोष नव्हे. म्हणून तपासणीसाठी पुष्कळ घेणारे असलेली फाईल निवडावी.

पोचपावत्यांचा खोळंबा

आता एक उलटी वाटणारी गोष्ट सांगतो. पाठवण्याचा वेग पूर्ण मोकळा सोडला तर कारभार सुधारण्याऐवजी बिघडतो. हे कसे?

इंटरनेटवर मजकूर लहान लहान पाकिटांतून जातो. एक मोठे पाकीट सुमारे १,५०० बाइटचे. टीसीपी या नेहमीच्या पद्धतीत घेणारा साधारणपणे दर दोन पाकिटांमागे एक छोटी पोचपावती परत धाडतो. ती निदान ४० बाइटची असते. पोच मिळाली नाही तर पाठवणारा हात आखडता घेतो. समजा, तुमच्याकडे ८ मेगाबिटच्या वेगाने काही येत आहे. म्हणजे सेकंदाला सुमारे ६६७ पाकिटे आणि त्यांच्या ३३३ पोचपावत्या. ३३३ गुणिले ४० म्हणजे सुमारे १३,३०० बाइट, अर्थात जवळजवळ १०७ किलोबिट. तुमचा पाठवण्याचा मार्ग २५६ किलोबिटचा असेल, तर त्यातली चाळीस टक्क्यांहून अधिक जागा नुसत्या पोचपावत्याच खातात!

आता त्याच मार्गावर फाईलचे तुकडे खच्चून भरले तर काय होईल? मोडेममध्ये थांबलेल्या पाकिटांसाठी एक साठवणजागा असते. ती २५६ किलोबाइटची असली आणि मार्ग ५१२ किलोबिटचा असला, तर रांगेत शेवटी उभ्या राहिलेल्या पोचपावतीला बाहेर पडायला ४ सेकंद लागतात. एसटी स्टँडवर चार पोत्यांचे सामान घेतलेले उतारू पुढे असावेत आणि केवळ सुटे पैसे द्यायला आलेला माणूस त्यांच्या मागे अडकावा, तशी तिची गत होते. पलीकडचा पाठवणारा समजतो, की वाट बंद झाली. येणे मंदावते, तुमच्या मागण्याही उशिरा पोहोचतात आणि एकंदर सगळेच रखडते.

उपाय सोपा आहे. मोजलेल्या वेगाच्या सुमारे ८० टक्के ही पाठवण्याची कमाल मर्यादा सॉफ्टवेअरमध्ये घालून द्यावी. १ मेगाबिट म्हणजे १२५ किलोबाइट, म्हणून मर्यादा १०० किलोबाइट. शून्य हा आकडा घातला तर बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये त्याचा अर्थ 'मर्यादा नाही' असा होतो, हे ध्यानात ठेवा. पुढे या दुखण्यावर एक हुशार इलाज निघाला. पाकीट पोहोचायला किती उशीर होतो हे सॉफ्टवेअर सतत मोजत राहते आणि रांगेतला उशीर १०० मिलिसेकंदांकडे सरकू लागला की आपणहून हात आखडते. २०१२ साली ही पद्धत इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांत नोंदली गेली. आजची पुष्कळ सॉफ्टवेअरे ती वापरतात. तरीही मर्यादा घालून पाहावी असे माझे मत आहे.

याच हिशेबात दुसरी चूक सापडते. उत्साहाच्या भरात काही जण एकाच वेळी पन्नास जणांना देण्याची सोय करून ठेवतात. १२५ किलोबाइट चौघांत वाटले तर प्रत्येकाला ३१ मिळतात आणि २५६ किलोबाइटचा तुकडा सुमारे ८ सेकंदांत पुरा होतो. पन्नास जणांत वाटले तर प्रत्येकाला अडीच मिळतात आणि तोच तुकडा पुरा व्हायला १०० सेकंदांच्या वर लागतात. तुकडा पुरा होऊन ठसा जुळल्याशिवाय घेणाऱ्याला तो पुढे देता येत नाही, हे वर पाहिलेच. म्हणजे पन्नासही जण अर्धवट तुकडे घेऊन बसून राहतात. मंद मार्गावर चार-पाच जणच पुरेत.

वाड्याचा रखवालदार

एवढे करूनही पाठवणी मंदच असेल, तर दार पाहावे. जुन्या वाड्यात बारा बिऱ्हाडे असत, पण टपालखात्याच्या दृष्टीने वाड्याचा क्रमांक एकच. समजा, अशा वाड्याच्या दारावर एक रखवालदार आहे. कोणत्या बिऱ्हाडाने कोणाला पत्र पाठवले हे तो वहीत टिपून ठेवतो. उत्तर आले की वही पाहून ते त्या बिऱ्हाडाला देतो. पण कोणी अनोळखी माणसाने आपणहून पत्र पाठवले तर? वहीत नोंद नाही. पत्र केराच्या टोपलीत!

तुमच्या घरातला राउटर हाच तो रखवालदार. घरातल्या सगळ्या उपकरणांना बाहेरचा पत्ता एकच असतो. म्हणून तुम्ही ज्यांच्याशी आपणहून संपर्क साधाल त्यांना तुकडे देऊ शकता, पण जे आपणहून तुमच्याकडे येतील ते दारातूनच परत जातात. दोन्हीकडची दारे अशी बंद असली तर त्या दोघांची गाठ सहसा पडत नाही. जो केवळ देतो आहे त्याच्याकडे लोकांनी यायचे असते. त्याचेच दार बंद असले तर गिऱ्हाईक निम्मे होणार नाही तर काय?

यावर तोड म्हणजे रखवालदाराला सूचना देऊन ठेवणे: 'ज्या पाकिटावर अमुक क्रमांक असेल ते तिसऱ्या बिऱ्हाडात द्या.' या क्रमांकाला पोर्ट म्हणतात. ० ते ६५,५३५ असे हे क्रमांक असतात. बिटटोरेंटने सुरुवातीला ६८८१ पासूनचे काही क्रमांक वापरले. आता कोणताही मोठा क्रमांक चालतो. पुष्कळ राउटर सॉफ्टवेअरचे ऐकून ही नोंद आपोआप करतात, नाही तर ती हाताने करावी लागते. संगणकातली फायरवॉल म्हणजे बिऱ्हाडाची आतली कडी, तीही पाहावी. मात्र शाळेच्या संगणककक्षात सरांना विचारल्याशिवाय कोणतेही दार उघडू नये.

काही वेळा मात्र वाड्याचे दार सताड उघडे असते आणि तरी कोणी येत नाही. कारण वाडा ज्या वसाहतीत आहे तिच्या वेशीवर दुसरा रखवालदार बसलेला असतो! इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे पत्ते सुमारे ४२९ कोटी. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांचा मध्यवर्ती साठा वाटून संपला. तेव्हापासून अनेक कंपन्या कितीतरी घरांना मिळून एकच पत्ता देतात. तुमच्या राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी आकड्यांनी सुरू होत असेल, तर तुम्ही अशा वसाहतीत आहात असे समजावे. तेथे घरातली सूचना चालत नाही. कंपनीकडे स्वतंत्र पत्ता मागावा, किंवा १२८ बिटांचे नवे पत्ते सुरू आहेत का ते पाहावे.

या सगळ्या तपासणीत एक पथ्य आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, अर्धा तास वाट पाहायची, वेग लिहायचा, मगच दुसरी बदलायची. चार खटके एकदम दाबले आणि वेग वाढला, तर तो कोणत्या खटक्याने वाढला हे कधीच कळत नाही.

पत्रे कोण लिहीत होते?

आता टोपोल्स्कींकडे वळू. आपल्या संगणकातून बाहेर जाणारे आणि आत येणारे प्रत्येक पाकीट टिपून ठेवणारे सॉफ्टवेअर त्यांनी चालवले. त्या नोंदींत त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. पाठवणी सुरू झाली, की थोड्याच वेळात 'रीसेट' खूण असलेले पाकीट येई. 'आपले संभाषण येथेच तोडा' असा त्या खुणेचा अर्थ. ती मिळताच संगणक निमूटपणे जोडणी सोडतो. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता मात्र पलीकडच्या गाणे मागणाऱ्याचा!

गाणे मागायचे आणि लगेच 'नको' म्हणायचे, असे लोक का करतील? टोपोल्स्कींना संशय आला, की ही पाकिटे पलीकडच्याची नाहीतच. मे २००७ मध्ये त्यांनी आपले निरीक्षण जाहीर केले. त्यांचा बोट दाखवण्याचा रोख त्यांना इंटरनेट पुरवणाऱ्या कॉमकास्ट या मोठ्या केबल कंपनीकडे होता. पण केवळ रीसेट दिसले म्हणून आरोप सिद्ध होत नाही. एखाद्याने सॉफ्टवेअर बंद केले तरी अशी पाकिटे निघतात. मग खरे-खोटे कसे ठरवायचे? तुम्हीच विचार करून पाहा.

उत्तर असे: दोन्ही टोकांना नोंद ठेवायची आणि त्या शेजारी शेजारी ठेवून ताडायच्या. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने बायबलची एक प्रत या मार्गाने पाठवून पाहिली आणि १९ ऑक्टोबर २००७ रोजी अडथळ्याची बातमी दिली. पुढच्या महिन्यात इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने दोन्ही टोकांच्या नोंदी ताडल्याचा अहवाल काढला. 'अ'च्या संगणकाला 'ब'च्या नावाने रीसेट आले होते, पण 'ब'च्या संगणकाने ते पाठवलेलेच नव्हते. 'ब'लाही 'अ'च्या नावाने आले होते, आणि 'अ'नेही ते पाठवले नव्हते. दोन मित्रांच्या पत्रव्यवहारात कोणी तिसऱ्यानेच दोघांचे हस्ताक्षर काढून 'यापुढे लिहू नये' अशी पत्रे दोघांना धाडावीत, तसा हा प्रकार होता.

कंपनीची अडचण अगदीच खोटी नव्हती. आळीभर घरांना मिळून बाहेर जाण्याचा अरुंद पट्टा एकच, हे आपण पाहिले आहे. रात्रंदिवस देणारी बीजे तो भरून टाकतात, हे तिचे म्हणणे. म्हणून एका भागातल्या, केवळ एकाच दिशेने चाललेल्या पाठवण्यांची संख्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, की तिची यंत्रे नव्या पाठवण्या तोडत. जो घेतो आणि देतो तो बहुधा सुटे. जो केवळ देतो तो सापडे. ग्राहकांना मात्र याची कल्पना दिलेली नव्हती. राउटरची सूचना, पाठवण्याची मर्यादा, पोर्टचा क्रमांक, यांपैकी काहीही बदलून टोपोल्स्कींची गाणी बाहेर गेली नसती, कारण दोष त्यांच्या घरात नव्हताच.

ऑगस्ट २००८ मध्ये अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने ही पद्धत बंद करण्याचा आदेश दिला. त्या वर्षाच्या अखेरीस कंपनीने ती सोडली आणि दुसरी व्यवस्था आणली. तिच्यात कोणते सॉफ्टवेअर चालू आहे हे पाहिले जात नसे. गर्दीच्या वेळी ज्याचा वापर फार जास्त, त्याची पाकिटे तेवढ्यापुरती मागे ठेवली जात. एप्रिल २०१० मध्ये अपील न्यायालयाने आयोगाला असा आदेश देण्याचा अधिकार नाही असे ठरवून तो रद्द केला. पण तोवर बनावट पत्रे लिहिणारी ती यंत्रे केव्हाच थांबली होती.